बोटीतली दुसरी बाई

मडमने व्हरांड्यात दगड टांगायला सुरुवात केली, त्या दिवसापासून आमच्या बंगल्यावरून जाणारी माणसं रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जाऊ लागली.

दगड इंद्रायणीच्या पात्रातले, पेरूएवढे. प्रत्येकाला आरपार भोक. भोकं पाडायला तिने धरणावरच्या एका पाथरवटाला अंगणात बसवलं होतं. मग दोन वासे भिंतीला टेकवून उभे केले, वर आडवा दांडा टाकला, दांड्यावरून लोकरीचे धागे सोडले आणि धाग्यांच्या टोकांना ते दगड बांधले. वारा आला की दगड एकमेकांवर आपटायचे. बाजारातून धुक्यात परत येताना बंगला दिसायच्या आधी तो टकटक आवाज यायचा आणि माझी पावलं आखडायची.

"हे काय हाय गं?" स्वैपाकाच्या मावशीने विचारलं.

"माग आहे म्हणतात. त्यांच्याकडच्या जुन्या बायका असाच विणायच्या."

"माग म्या पायलाय. त्याला फणी असती, खड्डा असतो, मानूस खाली पाय सोडून बसतो. हे तर कुनाच्या नावानं बांदल्यावानी दिसतंय."

मावशी कार्ल्याच्या पायथ्याच्या गावची. उंच, काटक, चुलीपुढे बसली तरी नजर दाराकडे. तिचं बोलणं मी हसण्यावारी नेलं, पण त्या दगडांखालून केर काढताना हात लांब करून, अंग मागे ठेवूनच काढायचे.

ही गोष्ट पहिली मोठी लढाई चालू होती तेव्हाची. मी सतरा-अठराची असेन. राजापूरकडच्या खाडीकाठच्या गावातून मी लोणावळ्याला आले होते. मराठी तिसरीत असताना लग्न ठरलं आणि पाटी दप्तर धाकट्या भावाला मिळालं. नवरा नीट ओळखीचा होण्याआधी तापाने गेला. माहेरहून न्यायला कुणी आलं नाही. त्यानंतर सासरी होते ती गोठ्याशेजारच्या पडवीत. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खायचं आणि सणासुदीला कुणाच्या समोर यायचं नाही. माझा मामा लोणावळ्याच्या इंजिनशेडमध्ये फिटर होता. तो एकदा गावी आला, माझे हात बघितले आणि सासऱ्यांना म्हणाला, "महिनाभर पोरगी माझ्याकडे राहू दे, बायकोचं बाळंतपण आहे." तो महिना संपलाच नाही. रेल्वेच्या दोन खोल्यांत त्याच्या चार पोरी, त्यात मी पाचवी. थोरलीच्या गोधडीत मला जागा मिळाली. त्या माणसाचे उपकार मी आजही मानते. पुढे त्याच्याविषयी जे येईल ते वाचून कुणी त्याला वाईट ठरवू नये, म्हणून हे आधीच सांगते.

मामाच्याच ओळखीने मला या बंगल्यात काम लागलं आणि मी राहायलाही तिथेच गेले. साहेब धरणावर यंत्रं बसवायला आलेला इंजिनीअर. आठवडा आठवडा तिकडेच तंबूत असायचा. दोघं नॉर्वे नावाच्या देशातली. पण गावाला नॉर्वे कुठला ठाऊक! पांढऱ्या भुवया आणि इंग्रज नाही, म्हणजे जर्मन, असं बाजाराने ठरवून टाकलं. भाजीवाली मला दबक्या आवाजात विचारायची, "तुजी मडम कंदील लावून विमानाला खुना करती म्हनं?" दुसरीचं म्हणणं, ती मला बाटवणार. मी सगळ्यांना नाही नाही म्हणायचे आणि घरी आल्यावर मडमकडे चोरून बघायचे. कारण खरं सांगायचं तर मलाही काही कळत नव्हतं. एवढी चांगली का वागते ही माझ्याशी? मला वाचायला बसवते, स्वतः शेजारी बसून इंग्रजी अक्षरं गिरवून घेते. तिचं इंग्रजीही माझ्यासारखंच उसनं. आमची भाषा म्हणजे तिची थोडी मराठी, माझं थोडं इंग्रजी आणि बाकीचे हातवारे.

पहिल्याच महिन्यात तिने कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. मनात आलं, ही मला चोरीत अडकवणार, काहीतरी नाहीसं करणार आणि शिपाई बोलावणार. म्हणून कोठी उघडायची झाली की मी आधी मावशीला हाक मारायचे, "मावशी, बघा हं, साखर घेते. एवढीच घेते." मावशी वैतागायची. मडमने हे एकदा पाहिलं आणि खळखळून हसली.

"माझ्या देशात," ती म्हणाली, "जुना काळ. फार जुना. लोक बोटीतून लुटायला जात. व्हायकिंग. पुरुष गेले समुद्रावर. घर कोण बघतो? शेत? गुरं? बाई. कमरेला किल्ली. किल्ली दिसली की सगळ्यांना कळतं, ही मालकीण." तिने जुडगा माझ्या कमरेला लावून दाखवला. "आता तू."

मी मालकीण! ज्या घरात ताकाला हात लावायचा तर विचारून लावायचा, तिथून आलेली मी. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याच्या मागोमाग आलं ते हेच, की हिला माझ्याकडून नक्की काय हवंय?

नंतर समजलं की त्या जुन्या बायकांचं तिला वेडच होतं. तिकडच्या एका मुलींच्या शाळेसाठी ती त्यांच्या वेळचं कापड विणत होती, आणि विणता विणता मला त्यांच्या गोष्टी सांगायची. पुरुष बोट बांधून मोकळे व्हायचे तरी बायकांचं शीड विणून संपलेलं नसायचं. ज्या घरात मुलगा नाही तिथे मुलीला जमीन मिळायची. बायका छातीवर दोन्ही बाजूंना वाटीसारखे मोठे बिल्ले लावायच्या, मधून मण्यांची माळ. मी लोकरीचे गुंडे धरून ऐकत बसायचे.

एकदा आम्ही तिघी मागच्या पायरीवर वाल सोलत होतो. मडमलाही सोलायची हौस. निम्मे दाणे अंगणात उडायचे. ती सांगत होती, "नवरा वाईट. मारतो. मग बाई दारात उभी राहते. शेजारी बोलवते, साक्षी. सांगते, मी जाते. आपली पेटी घेते, आपली गाय घेते. गेली!"

मावशीने सूप आपटलं. "मंग ह्यात काय नवाल? म्या सोता काडी मोडलीया."

मडमला कळेना. मी समजावून सांगू लागले, पण मावशीने मला थांबवलं आणि स्वतःच दाखवलं. खराट्याची एक काडी ओढून काढली, पदर खोचला, समोर पंच बसलेत अशा थाटात उभी राहिली. "ह्यो माजा पैला नवरा, तिकडं पवनाकाठी. दारू पिऊन हानायचा. पंच चावडीवर बसलं. पाटलानं इचारलं, बाई, नांदायचं का न्हाई? म्हनलं, न्हाई. मंग काडी दिली हातात. म्या अशी कट्टकन मोडली," तिने मोडली, "तर पाटील म्हनतो कसा, बाई, जरा दमानं, काडीनं तुजं काय वाईट केलंय?"

मडमला हसू आवरेना. तिने मावशीकडून ते पुन्हा करून घेतलं, स्वतः एक काडी मोडून पाहिली, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुझ्या घरात पण?"

"आमच्यात नाही. काडीमोड नाही, दुसरं लग्न नाही."

"ह्यांच्यात मोटेपना लय," मावशी म्हणाली. "हे काडी मोडत न्हाईत, बाई मोडत्यात."

मडमचं हसू ओसरलं. तिच्या देशातसुद्धा सगळ्या बायकांना दारात उभं राहता येत नव्हतं, असं ती हळू आवाजात म्हणाली. दासी असायच्या. लुटीत पकडून आणलेल्या, नाहीतर दासीच्या पोटी जन्मलेल्या. त्यांना किल्ली नाही, साक्षी नाही. ओळखू याव्यात म्हणून त्यांचे केस कापून ठेवत. हे सांगताना तिची नजर माझ्या डोक्यावर होती. माझे केस शाबूत होते. आमच्या घरात काढत नसत. पण गावी खालच्या आळीतल्या बोडक्या बायका मी पाहिलेल्या होत्या. पदर मी कपाळावर आणखी खाली ओढला. मला हे सगळं का सांगतेय ही?

त्या वर्षी धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं. भिंत माणूस मागते, अशी वदंता आसपासच्या वाड्यांतून पसरली. बायका पोरांना एकट्याने गुरांमागे सोडेनात. परका माणूस दिसला की दारं लागायची. साहेब लोक भिंतीच्या पायात कुणाला तरी पुरतात, आणि त्यातही ज्याला मागेपुढे रडणारं कुणी नाही अशालाच धरतात, असं लोक बोलत. मी ते ऐकलं आणि ताबडतोब स्वतःला त्या मापाने तपासलं. मामा रडेल? मामी? थोरली रडली असती. बस.

नेमक्या त्याच दिवसांत मडमने पेटीतून एक चित्र बाहेर काढलं.

मोठ्या नळीत गुंडाळलेलं होतं. मेजावर पसरून तिने चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. मातीच्या टेकडीत पुरलेली एक लांब बोट, तोंडाशी नाळेला नक्षी, नागाच्या वेटोळ्यासारखं वर गेलेलं टोक. ही बोट तिच्या गावाजवळ एका शेतात सापडली. तेव्हा ती माझ्याएवढी होती, वडिलांबरोबर रोज उकरणं बघायला जायची. बोटीत काय नव्हतं! गाडी, पलंग, माग, पातेली, सफरचंदांनी भरलेली बादली, घोड्यांची हाडं. आणि मधोमध लाकडाच्या खोपटात दोन बायका. एक म्हातारी, एक तरुण.

मावशी चहा घेऊन आली होती. तिने वाकून पाहिलं. "ह्या कोन?"

"एक राणी," मडम म्हणाली. "एक दासी. राणी मेली. दासी बरोबर पाठवली."

"कशी पाठवली?"

मडमने मानेवरून बोट फिरवलं.

मावशीने चहाचा ट्रे जमिनीवरच ठेवला. मडमचं तिकडे लक्षच नव्हतं. ती बोटीच्या नक्षीवरून हात फिरवत होती, तिचे डोळे चमकत होते. "सुंदर ना?" ती मला म्हणाली. "साहेबाचं काम संपलं की मी घरी जाईन. तू पण बोटीत, माझ्याबरोबर."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

उजेडात, चार माणसांत, मला हे खोटं वाटायचं. मडम मला मारणार? जी माझं बोट कापलं तर स्वतः पट्टी बांधते? पण मग दुसऱ्याच आठवड्यात तिने एक दोरी आणली आणि माझं माप घेतलं. खांद्यापासून टाचेपर्यंत, मग एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत. दर मापाला दोरीला गाठ. मी काठीसारखी उभी. मावशी दारातून बघत होती, हातातल्या तांदळांसकट.

थोड्या दिवसांनी कळलं, झगा शिवायचा होता. मागावरच्या त्या जाड, निळ्या कापडाचा, खांद्यावर पट्टे असलेला. पुण्याच्या तांबटाकडून तिने दोन फुगीर बिल्ले करून आणले होते, उलट्या वाटीसारखे. मला तो झगा लुगड्यावरून घालायला लावला, बिल्ले टोचले, मधून मणी सोडले, कमरेला माझाच जुडगा अडकवला आणि खुर्चीत बसवून ती चित्र काढू लागली. एवढं जड कापड मी कधी अंगावर घेतलं नव्हतं. आतून लाज वाटत होती आणि, खोटं कशाला बोलू, जुडगा वाजला की थोडं बरंही वाटत होतं.

"मीच का?" मी विचारलं. "मावशी का नाही?"

"मावशी उंच. तुझी उंची बरोबर तिच्याएवढी."

"कुणाएवढी?"

"ती तरुण बाई. बोटीतली."

मी बिल्ले उपटून झगा उतरवला. स्वैपाकघरात मावशी मला हाताला धरून चुलीमागे घेऊन गेली.

"मापं झाली. नटवून झालं. एकविरेला सोडायचा बोकड बी आदी हार घालूनच नेत्यात, त्येला काय सांगून न्हेत न्हाईत. तुला कळतंय का न्हाई पोरी?"

"मावशी, असं काही नसेल हो."

"नसंल. देवानं करावं नसंल. पर असंल तर?"

दुसऱ्या दिवशी मावशी कामाला आली नाही. मडमने जळकी पोळी स्वतः केली आणि विचारलं, "मावशी आजारी?" मला उत्तर माहीत नव्हतं, पण अंदाज होता. मावशीचा रस्ता बाजारातून जायचा आणि बाजाराच्या पलीकडे इंजिनशेड होतं.

रविवारी सकाळी मामा आला. ड्यूटीचा निळा कोट तसाच, बाहीला काळं वंगण. मागे मावशी, पदर तोंडाशी धरून.

"सामान बांध," मामा पायरीखालूनच म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. ह्या बाईने सांगितलं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. अगो, तू बोलली का नाहीस?"

मला एकदम रडू आलं. कुणीतरी माझ्यासाठी धावत आलं होतं. मी आत वळले, माझं बोचकं काढायला. दोन लुगडी, फणी, मडमने दिलेली पाटी. ते हातात घेऊन बाहेर आले तेव्हा काय वाटलं कोण जाणे, मी सहज विचारलं, "मामी बरी आहे ना? थोरलीला सांगा, पुन्हा गोधडीत जागा कर म्हणावं."

मामा शेडच्या दिशेने बघू लागला. तिकडे घाट चढून आलेल्या गाडीचं मागचं इंजिन सोडवत होते. इंजिनाची शिट्टी झाली तसा तो पुन्हा वळला.

"आज ये आमच्याकडे," तो म्हणाला. "परवा मला रजा आहे. तुला सासरी पोचवून येतो."

मी बोचकं पायरीवर ठेवलं.

"सासरी?" मावशीने पदर खाली घेतला. "भाऊ, तुमी मला म्हनला, घरी न्हेतो."

"तेही तिचं घरच आहे. त्यांचा निरोप आलाय. म्हातारी अंथरुणाला खिळली, करायला कोण नाही."

"निरोप कदी आला?"

"दसऱ्याच्या आधी."

"आनि आता तुळशीचं लगीन झालं. यवढं दिस गप व्हता, आनि म्या येऊन सांगितल्यावर लगीच कोट घालून निगाला?" मावशी पायरी उतरून त्याच्यासमोर उभी राहिली. आतापर्यंत मडमवर रोखलेली नजर तिने आता मामावर रोखली. "काय कबूल केलंय तुमाला त्यांनी?"

"तू कोण मला विचारणारी? स्वैपाकीण ना तू?"

"व्हय, स्वैपाकीन. म्हनूनच वास येतो मला, कुटं काय करपलंय त्येचा."

मामा लालबुंद झाला. पण तो खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. तेच तर त्याचं दुःख होतं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्यांच्या चुलत घरात मुलगा आहे. माझ्या थोरलीला करून घेतो म्हणालेत. घर भरलेलं आहे. मला चार पोरी आहेत बाय. ही गेली नाही तर ते ऐकायचे नाहीत."

थोरली तेव्हा अकराची. झोपेत माझ्या कुशीत पाय खुपसायची.

"म्हणजे त्या घरात आम्ही दोघी," मी म्हणाले.

"तिला मान मिळेल. सून म्हणून जाईल ती."

"मलाही तेच सांगितलं होतं, मामा."

मडम केव्हा बाहेर येऊन उंबऱ्यात उभी राहिली ते मला कळलं नाही. तिला सगळं समजलं नसेल, पण बोचकं दिसत होतं. ती काही बोलायच्या आत मी तिच्याकडे वळले. इतके दिवस मनात घोळत होतं ते बाहेर पडलं. आधी मराठीत, मग तिच्या माझ्या उसन्या इंग्रजीत.

"बोटीतल्या त्या दुसऱ्या बाईला कुणी विचारलं होतं का? येतेस का म्हणून?"

मडमने आधी बोचक्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो.

"माहीत नाही," ती म्हणाली. मग हळूच, "ती दासी, हे पण माहीत नाही. कदाचित तरुण ती राणी, म्हातारी दासी. कदाचित दोघी बहिणी. हाडं सांगत नाहीत. आम्ही सांगतो." ती पायरीवर खाली बसली, झगा मातीत. "मी पण तुला विचारलं नाही. माझ्या मनात होतं, मी घरी जाणार, तू बरोबर. तिकडे शाळा, काम. मला वाटलं, तुला आवडेल. विचारलं नाही." तिने वर बघितलं. "येशील?"

मावशीने पुन्हा पदर तोंडाशी नेला.

मला त्या बाईचे उपकार आठवत होते. अक्षरं, पट्टी, किल्ल्या. नाही म्हटलं तर हे सगळं आत्ता, या पायरीवर, संपेल याची मला खात्री होती. जिने दिलं तिला नाही म्हणायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि तिच्या मनात खरंच काय आहे, याची शंका तेव्हाही पुरती गेली नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "मी बोटीत येणार नाही. इथे आहात तोवर काम करीन."

तिचा चेहरा पडला. पांढऱ्या पापण्या मिटल्या, उघडल्या. मी वाट बघत होते, आता किल्ल्या मागेल, आता आत जाऊन दार लावेल.

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. आभाळ कोसळलं नाही. ती उठली, झगा झटकला आणि तिथेच उभी राहिली, जशी मघा उभी होती तशी. मला अजून आठवतं, पाय एकदम हलके झाले होते, ताप उतरल्यावर होतात तसे. एकीला नाही म्हणून मी उभी होते. मग दुसऱ्यालाही म्हणता येईल.

"मामा," मी म्हणाले, "मी सासरी जात नाही. आणि थोरलीलाही तिथे देऊ नका. मी इथे जे मिळवते त्यातून तिच्यासाठी जे करता येईल ते करीन. पण तिथे नको."

"अगो, खुळी का तू? लोक काय म्हणतील? तिकडे सांगू काय मी? तरणीताठी विधवा मडमच्या घरी राहते म्हणू?"

"हिला काडी द्या कुनीतरी," मावशी पुटपुटली.

मला काडी नको होती. माझ्या माणसांत ती चाललीही नसती. सासऱ्यांनी ती चुलीत घातली असती. मी विचार करत होते, मामाला कुठलं उत्तर नेता येईल? जे तो चार माणसांत मान खाली न घालता सांगू शकेल? आणि मला त्याच्याच घरातली दुपार आठवली. गावाहून कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या बाराव्याचं बोलावणं आलं की मामा डबा बांधता बांधता मामीला जे सांगायचा, आणि ज्याच्यापुढे गावात कुणाचं काही चालायचं नाही, ते.

"सांगा, नोकरीत आहे," मी म्हणाले. "धरणाच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर. रजा मिळत नाही."

मामा माझ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याने स्वतः हे वाक्य इतक्यांदा पाठवलं होतं, आणि त्याच्यावर उलट उत्तर त्याला कुणी कधी दिलंच नव्हतं. शेवटी सवयीने त्याने विचारलं, "अर्ज केलास?"

रजा हा शब्द मडमला पक्का ठाऊक होता. मावशी ती दर महिन्याला तिच्याकडे मागायची. तिने कपाळाला आठ्या घातल्या, हात पाठीमागे बांधले, साहेब धरणावर मुकादमांसमोर उभा राहतो अगदी तशी, आणि मामाला म्हणाली, "रजा नाही. फार काम."

मावशी खो खो हसत सुटली. मामाला राग यायला हवा होता. आला नाही. त्याने टोपी काढून गुडघ्यावर झटकली, पुन्हा घातली, बाहीवरचं वंगण उगीच चोळलं.

"चहा तरी घेऊन जा, मामा," मी म्हणाले.

"नको. पाळी आहे दुपारची." तो दोन पावलं गेला, थांबला, वळला. "नाहीच म्हणतायत का ते रजा?"

"नाही म्हणतायत."

"मग काय करणार," मामा म्हणाला, आणि उतारावरून शेडच्या दिशेने चालू लागला.